वाढते कोपर आणि वळणारा चेंडू

नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावात एखाद्या शाळेने बेसबॉलचा संघ उभा करायचे ठरवले, तर आठ खेळाडू जमवणे कठीण जात नाही. क्रिकेटमुळे झेल घेणारे हात गल्लोगल्ली आहेत, पळणारे पाय तर विचारायलाच नकोत. घोडे अडते ते पिचरपाशी. चेंडू वेगात, सरळ आणि फलंदाजाच्या छातीखालपासून गुडघ्यापर्यंतच्या पट्ट्यात पुन्हा पुन्हा टाकू शकेल असा मुलगा सहजी सापडत नाही. तो सापडला की क्रीडाशिक्षकाचा जीव भांड्यात पडतो. मग कधीतरी तो मुलगा मोबाइलवर एखाद्या अमेरिकन पिचरचा खेळ पाहतो. चेंडू खांद्याच्या उंचीने येतो, फलंदाज बॅट फिरवतो आणि ऐन वेळी चेंडू झपकन खाली उतरून बॅटखालून निघून जातो. दुसऱ्या दिवशी मैदानावर प्रश्न येतो, "सर, हा बॉल कसा टाकायलेत? मला बी शिकवा."

मुलगा बारा-तेरा वर्षांचा असतो. सर त्या वेळी काय उत्तर देतात, यावर त्याचे कोपर पुढे किती साथ देणार हे बऱ्याच अंशी ठरते.

सरांना 'हो' म्हणण्याचा मोह का पडतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. शालेय क्रीडा स्पर्धांत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल हे दोन्ही खेळ आहेत. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट. आधी जिल्हा, मग विभाग, मग राज्य. नांदेड जिल्ह्यात जिंकणारा संघ लातूर विभागात खेळतो आणि तिथून पुढे गेला तर राज्याच्या मैदानावर उतरतो. या वाटेवरच्या प्रमाणपत्रांना घरात फार मोल असते. दहावी-बारावीच्या निकालात खेळाडूंना जास्तीत जास्त २५ गुणांची सवलत मिळू शकते, आणि शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पावसावर आणि सोयाबीनच्या भावावर ज्या घराचे वर्ष अवलंबून असते, त्या घराने पोराच्या हातातल्या चेंडूत पोलिसभरतीचे किंवा एखाद्या कार्यालयातल्या कायम नोकरीचे स्वप्न पाहिले, तर त्यात वावगे काहीच नाही. क्रिकेटमध्ये जिल्ह्याच्या संघापर्यंत पोहोचायला जी रेटारेटी करावी लागते, तिच्या मानाने बेसबॉलची वाट मोकळी आहे, हेही खरे.

अडचण पुढे आहे. चौदा वर्षांखालच्या सामन्यात वळणारा चेंडू म्हणजे जवळजवळ हमखास विजय. समोरच्या मुलांनी तसा चेंडू कधी पाहिलेलाच नसतो. सरळ चेंडू टाकणारा चांगला पिचर एका डावात काही फटके खातोच. तोच मुलगा बरा-वाईट कर्व्ह, म्हणजे हा वळणारा चेंडू, टाकू लागला की फलंदाज हवेत बॅट फिरवत राहतात. म्हणजे शाळेला हवे ते प्रमाणपत्र, पालकांना हवी ती सवलत आणि सरांना हवे ते नाव, या तिन्हींची किल्ली एका मुलाच्या उजव्या कोपरात येऊन बसते. त्या कोपरातले हाड अजून हाड झालेले नसते.

हा चेंडू वळतो कसा, हे नीट कळल्याशिवाय तो शिकवण्याबद्दल काही बोलता येणार नाही. क्रिकेटमधला फिरकी चेंडू आपल्याला ठाऊक असतो. तो मुख्यतः टप्पा पडल्यावर वळतो. बेसबॉलमध्ये टप्पाच नाही. पिचर आणि फलंदाज यांच्यात मोठ्यांच्या खेळात ६० फूट ६ इंच, म्हणजे सुमारे साडेअठरा मीटर अंतर असते आणि जे काही घडायचे ते हवेतच घडते. साध्या वेगवान चेंडूला बोटे मागून खाली ओढतात, त्यामुळे तो उलटा फिरत जातो आणि हवा त्याला किंचित उचलून धरते. कर्व्ह टाकताना बोटे चेंडूच्या पुढच्या बाजूने खाली येतात, चेंडू पुढच्या दिशेने गरगरतो आणि हवा त्याला खाली दाबते. चेंडूवरची लाल शिवण, १०८ दुहेरी टाके, हवेला पकड देते. फिरणारा चेंडू वाकड्या वाटेने जातो, हे न्यूटनने टेनिसच्या चेंडूवरून १६७२ मध्येच नोंदवले होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख माग्नुस याने त्याचा अभ्यास केला आणि त्या परिणामाला त्याचे नाव लागले. बेसबॉलमध्ये कर्व्हचे श्रेय कँडी कमिंग्ज या खेळाडूला देतात. ब्रुकलिनच्या किनाऱ्यावर शिंपले फेकताना ते वळतात हे पाहून आपल्याला ही कल्पना सुचली, असे तो सांगत असे. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. कर्व्हचा मोह वयात येणाऱ्या मुलांना पडतो तो असा पहिल्यापासूनचा.

आता हात काय करतो ते पाहू. डोक्यावरून जोरात चेंडू फेकताना आधी हात मागे वाकतो, मग खांदा विलक्षण वेगाने पुढे फिरतो. व्यावसायिक पिचरच्या बाबतीत हा फिरण्याचा वेग सेकंदाला ७००० अंशांच्या घरात जातो. मानवी शरीराच्या इतक्या वेगवान हालचाली फार थोड्या आहेत. त्या क्षणी कोपराची आतली बाजू ताणली जाते आणि बाहेरची दाबली जाते. आतल्या बाजूला एक पट्ट्यासारखा अस्थिबंध आहे. प्रौढ माणसात ताण त्याच्यावर येतो. लहान मुलात अस्थिबंध टिकतो, पण तो ज्या हाडाला चिकटलेला असतो तिथे वाढीची कूर्चा असते, आणि ती अस्थिबंधापेक्षा कमजोर असते. ताण तिथे जाऊन बसतो. मुलग्यांमध्ये ही कूर्चा पूर्ण हाड व्हायला साधारण पंधरा ते सतरावे वर्ष उजाडते. तोवर अतिरेक झाला तर कूर्चा सुजते, रुंदावते आणि क्वचित हाडाचा तुकडाच ओढला जाऊन सुटतो. १९६० मध्ये दोन अमेरिकन डॉक्टरांनी शाळकरी पिचरांच्या या दुखण्याला 'लिट्ल लीग कोपर' असे नाव दिले.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सचिन तेंडुलकरच्या २००४ मधल्या दुखण्यामुळे 'टेनिस एल्बो' हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला, आणि कोपर दुखते म्हटले की मोठी माणसे तेच नाव घेतात. टेनिस एल्बो कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतो. पिचर मुलाने आतल्या बाजूला बोट ठेवून "सर, इथं दुखायलंय" म्हटले, तर ते दुखणे वेगळे आहे. त्यावर मलम चोळून दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवणे हा उपाय नाही. त्याने त्या दिवसापासून फेकणे थांबवायचे आणि त्याला हाडांच्या डॉक्टरकडे न्यायचे.

तर मग कर्व्ह हाच गुन्हेगार का? गेल्या पन्नास-साठ वर्षांत अमेरिकेत बहुतेकांनी तसेच मानले. तिथले जुने प्रशिक्षक मुलगा दाढी करू लागेपर्यंत कर्व्ह शिकवायचा नाही असा दंडक पाळत, आणि अलाबामामधले नामांकित शल्यचिकित्सक जेम्स अँड्र्यूज यांनीही तो उचलून धरला. २००२ मध्ये ९ ते १४ वयाच्या ४७६ पिचरांचा एका हंगामाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कर्व्ह टाकणाऱ्या मुलांमध्ये खांदेदुखीची शक्यता ५२ टक्क्यांनी आणि स्लायडर हा वेगात आडवा वळणारा चेंडू टाकणाऱ्यांमध्ये कोपरदुखीची शक्यता ८६ टक्क्यांनी जास्त आढळली. दंडकाला आधार मिळाल्यासारखे झाले. पण २००८ मध्ये प्रयोगशाळेत मुलांच्या कोपरावरचा ताण मोजला, तेव्हा निराळेच दिसले. सर्वांत जास्त ताण सरळ वेगवान चेंडूत होता, कर्व्हमध्ये त्याहून कमी आणि चेंज-अप या संथ चेंडूत सर्वांत कमी. २०११ मध्ये ४८१ मुलांचा दहा वर्षे पाठपुरावा केलेला अभ्यास आला. तेराव्या वर्षाआधी कर्व्ह टाकणाऱ्यांना गंभीर दुखापत अधिक होते असे त्यातून सिद्ध झाले नाही. मात्र वर्षाला १०० पेक्षा जास्त डाव पिचिंग करणाऱ्यांना ती होण्याची शक्यता साडेतीन पट निघाली. त्याआधी २००६ मध्ये, शस्त्रक्रियेची वेळ आलेल्या आणि धडधाकट असलेल्या तरुण पिचरांची तुलना झाली होती. हात थकलेला असतानाही नेहमी पिचिंग करणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता ३६ पट आढळली.

छत्तीस पट. या आकड्यापुढे कर्व्ह की सरळ हा वाद बराच लहान होतो.

या अभ्यासांचा अर्थ 'कर्व्ह निर्धोक आहे, खुशाल शिकवा' असा काढणारे निघतात, आणि तो अर्थ धोक्याचा आहे. प्रयोगशाळेतला मुलगा ताजातवाना असतो, त्याची फेक बरी असते आणि तो मोजके चेंडू टाकतो. मैदानावरचा मुलगा तिसऱ्या सामन्यात, थकलेल्या हाताने, चुकीच्या पद्धतीने कर्व्ह टाकतो; आणि ज्याच्याकडे तो असतो त्यालाच सर पुन्हा पुन्हा चेंडू देतात. कर्व्ह मुलाच्या हाताला इजा करतो तो बहुतेक अशा आडमार्गाने. तो जिंकून देतो, म्हणून मुलगा जास्त टाकतो. शिवाय कर्व्हची नशा चढली की सरळ चेंडूची तालीम मागे पडते. मुलाचा पाय, कंबर आणि खांदा यांचा मेळ बसण्याचे जे वय, ते मनगटाच्या करामतीत निघून जाते, आणि सतराव्या वर्षी समोरचे फलंदाज कर्व्ह ओळखू लागले की हातात दुसरे काहीच उरत नाही.

आपल्याकडे यात क्रिकेटच्या सवयीची भर पडते. क्रीडाशिक्षक बहुधा क्रिकेटमध्ये वाढलेला असतो, आणि क्रिकेटचे फिरकीशास्त्र सांगते की टाकत राहा, हात आपोआप बसेल. ते तिथे खरेही आहे. मुंबईचे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांनी पंचविसाहून अधिक वर्षांच्या प्रथम श्रेणी कारकिर्दीत ५८९ बळी घेतले. नेटमध्ये तासन्‌तास एकाच जागी टप्पा टाकणे हाच अशा गोलंदाजांचा रियाज. पण क्रिकेटच्या नियमानुसार गोलंदाजाचे कोपर टाकताना १५ अंशांपेक्षा जास्त सरळ होता कामा नये. कोपराचा झटका तिथे निषिद्ध आहे, म्हणून फिरकी गोलंदाजाचे कोपर वाचते. बेसबॉलमध्ये सारी ताकद त्याच झटक्यातून वाहते. नेटमधला रियाज तसाच्या तसा बेसबॉलच्या मैदानावर नेला, तर शिवलकरांना ज्याने घडवले तेच तेरा वर्षांच्या पिचरला मोडू शकते.

घाई कशासाठी, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर भारतातल्याच एका उदाहरणात सापडते. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघे भालाफेकपटू. २००८ मध्ये 'मिलियन डॉलर आर्म' या भारतभर झालेल्या स्पर्धेत सर्वांत वेगवान आणि अचूक चेंडू टाकणाऱ्यांत ते निवडले गेले. तोवर त्यांनी बेसबॉल खेळलेलाच नव्हता. अमेरिकेत टॉम हाउस या माजी पिचरने त्यांना शिकवले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. चेंडू पहिल्यांदा हातात आला तेव्हा एक एकोणीस वर्षांचा आणि दुसरा त्याच्या आसपासचा होता. शरीर पुरे वाढलेले, खांदा भाल्याने तयार झालेला. पकडी, वळणे, सगळे त्यानंतर शिकले. ते सर्वोच्च लीगपर्यंत पोहोचले नाहीत. पटेल २०१० मध्ये परतला. सिंग काही वर्षे खालच्या लीगमध्ये टिकला, मग दुखापतींनी त्याची वाट अडवली. पण एकोणिसाव्या वर्षी सुरुवात करणारा मुलगा वर्षाच्या आत व्यावसायिक करार मिळवतो, हे ज्याने पाहिले त्याने बाराव्या वर्षीच कर्व्ह आला नाही तर संधी हुकेल असे समजण्याचे कारण नाही.

फेकणाऱ्या हाताचे कोपर किती मोलाचे, हे नीरज चोप्राच्या बाबतीतही दिसले. मे २०१९ मध्ये मुंबईत त्याच्या उजव्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि त्या मोसमाचा मोठा भाग वाया गेला. दोन वर्षांनी त्याने टोकियोत सुवर्णपदक जिंकले, कारण त्याच्या मागे डॉक्टर, फिजिओ आणि थांबण्याची सवलत होती. बेसबॉलमध्ये कोपराच्या अस्थिबंधाची पहिली पुनर्रचना २५ सप्टेंबर १९७४ रोजी डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर केली. तो परतून १९८९ पर्यंत खेळला आणि शस्त्रक्रियेला त्याचेच नाव पडले. ती शोधली गेली एकतीस वर्षांच्या व्यावसायिकासाठी. पुढे २००७ ते २०११ या काळात अमेरिकेत झालेल्या अशा शस्त्रक्रियांपैकी निम्म्याहून अधिक १५ ते १९ वयोगटातल्या मुलांवर झाल्याचे आढळले. बिलोलीच्या मुलाला ही शस्त्रक्रिया कुठली परवडणार? त्याच्या बाबतीत कोपर गेले म्हणजे खेळ गेला, आणि पोलिसभरतीच्या मैदानी चाचणीतली गोळाफेकही अवघड झाली.

मोठ्यांच्या हौसेपायी मुलांचे हात पणाला लावणे हे फक्त आपल्याकडचे नाही. तैवानमध्ये १९६८ साली होंग्ये या डोंगरातल्या आदिवासी खेड्याच्या शाळेच्या संघाने जपानहून आलेल्या संघाला हरवले. साऱ्या देशाने त्या गरीब पोरांना डोक्यावर घेतले. नंतर उघड झाले की काही मुले दुसऱ्यांच्या नावावर खेळवली होती, आणि शाळेच्या जबाबदार मंडळींना न्यायालयात शिक्षा झाली. जपानमध्ये ऑगस्ट २०१८ च्या राष्ट्रीय शालेय स्पर्धेत अकिता प्रांतातल्या कानाआशी कृषी विद्यालयाच्या कोसेइ योशिदाने संघाला अंतिम फेरीत नेले आणि त्या फेरीसह सहा सामन्यांत ८८१ चेंडू टाकले. शेतकी शाळेच्या पोरांचा पराक्रम म्हणून सारा देश भारावला, आणि त्याच वेळी लोक विचारू लागले की हे पाहत बसलेले मोठे नेमके काय करत होते. अखेर २०२० मध्ये तिथल्या शालेय महासंघाने एका पिचरला आठवड्यात ५०० चेंडूंची मर्यादा घातली. ही मर्यादाही फार सैल आहे. पण शंभर वर्षांच्या परंपरेला ती घालता आली, तर आपल्याला अडवणारे काय आहे?

अमेरिकेत २०१४ पासून जी मार्गदर्शक कोष्टके वापरात आहेत ती साधी आहेत. ११-१२ वर्षांच्या मुलाने एका दिवशी जास्तीत जास्त ८५, १३-१४ च्या मुलाने ९५ चेंडू. चौदापर्यंतच्या मुलाने दिवसात ६६ किंवा अधिक चेंडू टाकले तर चार दिवस विश्रांती. ५१ ते ६५ ला तीन दिवस, ३६ ते ५० ला दोन. ज्याने पिचिंग केले त्याला त्याच दिवशी कॅचर म्हणून उभे करायचे नाही, कारण कॅचरही दर चेंडूला परत फेकतो. आणि वर्षातले निदान चार महिने पिचिंग बंद. यासाठी यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. एक वही, एक पेन्सिल आणि प्रत्येक चेंडूला रेघ ओढणारा एक राखीव खेळाडू लागतो.

आपल्या शाळांसाठी मात्र या वहीत एक रकाना जास्त हवा. अमेरिकेतला मुलगा बेसबॉल खेळतो तेव्हा बहुधा बेसबॉलच खेळतो. आपल्याकडे ज्याचा हात चालतो, त्यालाच सगळीकडे उभे करतात. सकाळी बेसबॉलचा पिचर, दुपारी सॉफ्टबॉलचा क्षेत्ररक्षक, मैदानी स्पर्धेत भालाफेक, आणि संध्याकाळी गल्लीतल्या टेनिस बॉलच्या सामन्यात सीमारेषेवरून यष्टीवर फेक. कोपराला खेळांची नावे कळत नाहीत. हे सगळे एकाच हिशेबात मांडले नाही, तर ९५ च्या मर्यादेला काही अर्थ राहत नाही. सगरोळीला १९५९ पासून काम करणाऱ्या संस्कृती संवर्धन मंडळासारख्या संस्थेचा बिलोली तालुक्याला वारसा आहे. अशा संस्थेच्या निवासी शाळेत मुलगा दिवसभर शिक्षकांच्या नजरेसमोर असतो, तिथे असा हिशेब ठेवणे सर्वांत सोपे. गावातल्या शाळेत आईवडिलांना विश्वासात घ्यावे लागेल.

मुलींच्या सॉफ्टबॉलला यातून सूट नाही. खालून हात फिरवून टाकलेला चेंडू निरुपद्रवी असतो असे मानतात, म्हणून एकाच मुलीकडून दिवसात दोन-दोन सामने टाकून घेतात. खांद्यावर आणि दंडाच्या स्नायूवर त्यातही मोठा ताण येतो. मोजणी तिचीही व्हायला हवी.

आता शिकवण्याचा क्रम. पहिली दोन वर्षे फक्त सरळ चेंडू आणि शरीराचा मेळ. या भागातल्या मुलांना हे समजावायला गोफणीइतके चांगले साधन नाही. जवारीच्या शेतात माळ्यावर उभा राहून पाखरे हाकणारा माणूस दगड भिरकावतो तेव्हा त्याच्या मनगटाकडे न पाहता पायांकडे आणि कमरेकडे पाहायला सांगावे. जोर जमिनीतून येतो, कमरेतून वर चढतो आणि हात तो फक्त पुढे पोहोचवतो. पिचरचेही तसेच. ज्या मुलाचा पुढचा पाय टेकण्याआधीच खांदा उघडतो, त्याचे कोपर उरलेले काम एकट्याने करते, आणि नेमके तेच दुखते. मैदानावर उंचवटा नसेल, काळ्या मातीच्या सपाटीवरूनच टाकायचे असेल, तरी हे शिकवता येते.

दुसरा चेंडू चेंज-अप. बोटांच्या टोकांऐवजी चेंडू तळहातात खोल धरायचा, तीन बोटे त्यावर पसरायची आणि हात अगदी सरळ चेंडूच्याच वेगाने फिरवायचा. हात तोच, झेप तीच, पण चेंडू संथ निघतो. फलंदाज आधीच बॅट फिरवून मोकळा होतो. २००२ च्या त्याच अभ्यासात चेंज-अप टाकणाऱ्या मुलांमध्ये कोपराचे आणि खांद्याचे दुखणे कमी आढळले होते. आपल्याकडे त्याला कमी लेखतात, कारण तो मोबाइलवर दिमाखदार दिसत नाही.

कर्व्ह तिसरा, आणि तो चौदा-पंधरानंतर. वय मात्र कागदावरून ठरवू नये. शाळेत नाव घालताना सर्रास १ जून ही जन्मतारीख लिहून टाकण्याची रीत मागच्या पिढीने पाहिली आहे. आणि तारीख खरी असली तरी एकाच वर्गातल्या दोन मुलांची हाडे दोन वर्षांच्या फरकाने वाढलेली असू शकतात. मिसरूड फुटले का, आवाज फुटला का, उंची झपाट्याने वाढण्याचा काळ सरला का, हे पाहावे. उंची वाढत असतानाचे महिने कूर्चेसाठी सर्वांत नाजूक. मग शिकवताना मधले बोट शिवणीला लागून, अंगठा खाली, आणि तळहात कानाकडे वळवलेली स्थिती हात पुढे येण्याआधीच घ्यायला लावायची. सुटण्याच्या क्षणी मनगटाला पीळ देणे पूर्ण बंद. मुलगा पीळ देतो आहे का, हे सरांना शेजारी उभे राहून दिसत नाही. समोरून मोबाइलवर चित्रण करून सावकाश पाहिले तर दिसते. ज्या मोबाइलने मोह घातला, त्याचा हा खरा उपयोग. सुरुवातीला एका सरावात दहा-पंधरा कर्व्ह पुरेत, तेही अर्ध्या जोराने आणि ताज्या हाताने.

वर्षाचे वेळापत्रकही बदलायला हवे. स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात. जूनमध्ये शाळा उघडते, पण चेंडू बाहेर निघतो तारखा जाहीर झाल्यावर. मग दोन-तीन आठवड्यांत सारी तयारी उरकायची म्हणून उन्हाळाभर विसावलेल्या हाताकडून रोज शंभर-शंभर चेंडू टाकून घेतात. अचानक वाढलेला हा भार सर्वांत वाईट. जूनपासूनच आठवड्यातून तीन दिवस, कमी अंतरावरून, हलक्या जोराने सुरुवात केली तर तोच भार महिन्याभरात पसरतो. हंगाम संपल्यावर परीक्षा आणि उन्हाळा मिळून चार महिन्यांची विश्रांती आपल्या कॅलेंडरात आयतीच बसते.

शाळेच्या पातळीवर एवढे करूनही एक भाग उरतो, तो संयोजकांचा. सावध शाळा आपल्या पिचरला चौथ्या डावात बाहेर काढते आणि समोरची शाळा तिच्या पिचरला आणखी तीन डाव टाकू देते, असे झाले तर सावधपणाला शिक्षाच होते. १४ वर्षांखालील गटात कर्व्हवर बंदी घाला, असे काही जण सुचवतात. पंचाला कर्व्ह आणि चुकून वळलेला चेंडू यांतला फरक प्रत्येक वेळी ठरवता येणार नाही. त्यावरून फक्त भांडणे होतील. चेंडूंची संख्या मात्र कुणालाही मोजता येते. गुणपत्रकावर पिचरच्या नावापुढे एक रकाना, दोन्ही संघांची सही, आणि मर्यादा ओलांडली की पिचर बदलणे बंधनकारक. जिल्हा स्पर्धेत भरलेला तोच कागद विभागाच्या स्पर्धेत सोबत न्यायचा, म्हणजे काल ८० चेंडू टाकलेला मुलगा आज पुन्हा उभा राहणार नाही. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईतल्याच बैठकीत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बेसबॉल, सॉफ्टबॉल आणि क्रिकेट घेण्यावर शिक्कामोर्तब केले. या खेळांकडे वळणारी मुले वाढतील, त्यांच्यामागची आशाही वाढेल. हा रकाना त्याआधी छापून घेतला पाहिजे.

तोवर "मला बी शिकवा" म्हणणाऱ्या त्या मुलाला रिकाम्या हाताने परत पाठवण्याचे कारण नाही. त्याला आजच चेंज-अपची पकड दाखवावी. चौदा वर्षांखालच्या फलंदाजाला ती पुरून उरते.